भरपाई ही दया नव्हे, देणे आहे

धानाची कापणी-मळणी आटोपली की आमच्या रामपायली परिसरातली माणसे कामाच्या शोधात बाहेर पडतात. कोणी वारासिवनी-बालाघाटच्या राईस मिलमध्ये हमालीला लागतो, कोणी गोंदिया-तुमसरकडे जातो, तर कोणी बायकापोरांसह नागपूर-हैदराबादची गाडी धरतो. बांधकामावर, विटाभट्टीवर, कारखान्यात, जिथे हाताला काम मिळेल तिथे. बहुतेक जण धडधाकट परत येतात. पण दरवर्षी एखाद्याचा हात मशीनच्या पट्ट्यात गेलेला असतो, एखादा परांचीवरून पडून कंबर मोडून घेऊन येतो आणि एखाद्याचे फक्त शव गावात येते.

वर्तमानपत्रात दोन ओळींची बातमी येते. पुढे काय होते ते मात्र छापून येत नाही. तेरवी होते न होते तोच ठेकेदार किंवा मालकाचा माणूस दारात येतो. हातात पाकीट असते आणि सोबत स्टॅम्प पेपर असतो. 'शेठने माणुसकी म्हणून दिले आहेत, इथे अंगठा करा,' असे सांगितले जाते. घरात रडारड चाललेली, दवाखान्याचे उधार बाकी. कागदावर काय लिहिले आहे ते कोणी वाचत नाही. अंगठा उमटतो आणि प्रकरण संपले असे सगळेच मानतात.

वाचकहो, कायद्याच्या दृष्टीने ते प्रकरण तिथे संपत नाही, हे सांगण्यासाठी आजचा लेख आहे. कामावर अपघात झाला तर मिळणारी भरपाई ही मालकाची माणुसकी नसते. ते त्याच्यावरचे देणे असते आणि ते अपघाताच्या दिवसापासूनच देणे असते. मी महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते, वकील नाही. तरी एवढे हक्क प्रत्येक कष्टकरी घराला ठाऊक असायला हवेत, असे मला वाटते.

हक्काची जुनी कहाणी

ही मागणी आपल्याकडे परदेशातून आली असा अनेकांचा समज आहे. पण १८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेऊन सरकारकडे जे निवेदन दिले, त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. आठवड्याची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आणि वेळेवर पगार या मागण्या आपल्याला माहीत असतात. त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती. काम करताना जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा आणि कायमचे अपंगत्व आले तर त्याच्या पोटापाण्याची सोय करावी. लोखंडे हे महात्मा फुले यांच्या सत्यशोधक चळवळीतले. 'दीनबंधु' हे पत्र ते चालवीत. त्यांचे निधन १८९७ साली झाले. त्यांची ती मागणी कायद्यात उतरायला १९२३ साल उजाडले.

१९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून लागू झाला. २०१० मध्ये त्याचे नाव 'कर्मचारी नुकसानभरपाई कायदा' असे झाले. पुढे २०२० साली संसदेने सामाजिक सुरक्षा संहिता मंजूर केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. आता भरपाईच्या तरतुदी या संहितेच्या सातव्या प्रकरणात आहेत. नाव बदलले, कलमांचे क्रमांक बदलले, पण मूळ गाभा तोच राहिला. त्या तारखेपूर्वी झालेल्या अपघातांना जुना कायदाच लागू पडतो.

चूक कोणाची, हा प्रश्नच नाही

आपल्याकडे अपघात झाला की पहिला प्रश्न येतो, 'चूक कोणाची?' कामगार स्वतःच म्हणतो, 'माझेच लक्ष नव्हते, शेठला काय म्हणू?' या कायद्याचे वैशिष्ट्य असे की मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज नाही. अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला, एवढे दाखवले की पुरे. कामगाराच्या हातून निष्काळजीपणा झाला असला तरी हक्क जात नाही.

याला काही अपवाद आहेत. तीन दिवसांपेक्षा जास्त काळ काम बुडाले नसेल तर भरपाई नाही. दारूच्या अमलाखाली असताना अपघात झाला, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला किंवा मशीनचे संरक्षक आवरण मुद्दाम काढले, आणि त्यातून इजा झाली, तर मालक नकार देऊ शकतो. मात्र कामगाराचा मृत्यू झाला किंवा त्याला कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर यातली एकही सबब मालकाला चालत नाही. 'तो प्यायलेला होता' असे सांगून विधवेला परत पाठवणारे पुष्कळ भेटतात. तेव्हा हे वाक्य लक्षात ठेवावे.

'मी तर रोजंदारीचा, माझे नाव कुठल्याच रजिस्टरात नाही,' ही दुसरी अडचण सांगितली जाते. २००० सालच्या दुरुस्तीने नैमित्तिक कामगारांना वगळणारी अट काढून टाकली. त्यामुळे चार दिवसांसाठी आलेला हमालही या हक्कात बसतो. शेतीत ट्रॅक्टरवर किंवा विजेवर-इंजिनावर चालणाऱ्या यंत्रावर काम करणारा मजूरही बसतो. म्हणजे थ्रेशरमध्ये हात गेलेल्या मजुरालाही हा कायदा लागू आहे.

ठेकेदार पळून गेला तर काय? कायदा म्हणतो की ज्याच्या धंद्याचे काम ठेकेदारामार्फत चालले होते, त्या मूळ मालकाकडून भरपाई मागता येते. मालकाने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. त्यांचे आपसातले भांडण कामगाराच्या डोक्यावर येत नाही.

किती मिळते? एक हिशेब

भरपाईची रक्कम कोणाच्या मर्जीवर ठरत नाही, तिचे सूत्र आहे. मृत्यू झाला तर मासिक वेतनाच्या ५० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणांकाने गुणायचे. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर ६० टक्के रक्कम धरायची. गुणांक वय वाढेल तसा कमी होतो. २५ व्या वर्षी तो २१६.९१ आहे, ४० व्या वर्षी १८४.१७ आणि ५० व्या वर्षी १५३.०९. हिशेबासाठी धरायच्या वेतनाची कमाल मर्यादा केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवते. ३ जानेवारी २०२० पासून ती १५,००० रुपये करण्यात आली.

समजा, ४० वर्षांचा एक कामगार महिन्याला १२,००० रुपये कमावत होता आणि कामावर दगावला. ६,००० ला १८४.१७ ने गुणले की ११,०५,०२० रुपये होतात. तोच कामगार जगला, पण कायमचा निकामी झाला, तर ७,२०० गुणिले १८४.१७ म्हणजे १३,२६,०२४ रुपये होतात. त्याचा फक्त अंगठा गेला तर? अवयवांच्या यादीत अंगठ्यासाठी कमाईची ३० टक्के हानी धरली आहे. म्हणजे ३,९७,८०७ रुपये. एका हाताची चारही बोटे गेली तर ५० टक्के. आता पाकिटातल्या वीस-पंचवीस हजारांशी याची तुलना तुम्हीच करा.

औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने वेगळा द्यायचा आहे. हाड मोडून काही महिने घरी बसावे लागले तर त्या काळात दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम मिळते, जास्तीत जास्त पाच वर्षे. देणे झालेली रक्कम महिन्याच्या आत दिली नाही तर त्यावर १२ टक्के व्याज लागते. उशिराला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो.

यादीतली टक्केवारी हा शेवटचा शब्द नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. ओरिसातल्या एका सुताराचे प्रकरण १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले. चित्रपटगृहाच्या सजावटीचे काम करताना तो पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालकाचे म्हणणे होते की हे आंशिक अपंगत्व आहे. न्यायालयाने म्हटले की सुताराला एका हाताने काम करता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी हे पूर्ण अपंगत्वच आहे. भरपाई अपघाताच्या दिवशीच देणे होते, हे तत्त्वही याच निकालात स्पष्ट झाले. हमालाची कंबर, विणकराची बोटे, ट्रॅक्टर चालवणाऱ्याचा पाय यांचा विचार त्यांच्या कामाकडे पाहूनच करावा लागतो.

स्टॅम्प पेपरची किंमत

आता मूळ मुद्द्याकडे येते. भरपाईचा हक्क सोडून देणारा किंवा कमी करणारा कोणताही करार कायद्याने निरर्थक ठरवला आहे. मग तो शंभराच्या स्टॅम्पवर असो, नोटरीसमोर असो की पंचांच्या साक्षीने झालेला असो. तडजोड करायचीच असेल तर ती नेमलेल्या अधिकाऱ्याकडे नोंदवावी लागते. रक्कम अपुरी आहे किंवा फसवणुकीने मान्य करून घेतली आहे असे दिसले, तर तो ती नोंदवून घेण्यास नकार देऊ शकतो.

मृत्यूच्या बाबतीत नियम आणखी कडक आहे. भरपाई मालकाने थेट घरी आणून द्यायची नसते, ती अधिकाऱ्याकडे जमा करायची असते. तो अधिकारी विधवा, मुले, आई असे वारस पाहून वाटणी करतो. लहान मुलांचा हिस्सा त्यांच्या नावाने सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था करतो. परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. मालकाला आगाऊ म्हणून काही मर्यादित रक्कम देता येते, तेवढीच पुढे वजा होते. या नियमामागचे शहाणपण आपल्या घराघरांतल्या बायकांना लगेच कळेल. नवरा गेल्यावर आलेले पैसे दीर-भासऱ्यांच्या हाती गेले आणि ती लेकरांना घेऊन माहेरी परतली, अशी उदाहरणे आपण पाहिलेली आहेत.

काही वर्षांपूर्वी सामाजिक न्यायाचा पाठ संपल्यावर माझ्या वर्गातली एक मुलगी मागे थांबली. तिच्या वडिलांची उजव्या हाताची चार बोटे मिलच्या पट्ट्यात गेली होती. मालकाने दवाखान्याचे बिल भरले, पंचवीस हजार हाती ठेवले आणि डाव्या हाताचा अंगठा घेतला, कारण उजव्या हाताला पट्टी होती. 'मॅडम, बाबांनी अंगठा दिला, आता काही होत नसेल ना?' असे तिने विचारले. मी तिला जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता दिला. मोफत वकील मिळाला. हजेरीची वही मिलकडे 'सापडत' नव्हती, पण दवाखान्याच्या कागदावर 'मशीनमध्ये हात गेला' असे नोंदवलेले होते आणि सोबतचे दोन हमाल साक्षीला उभे राहिले. अखेर मालकाने अधिकाऱ्यासमोर रीतसर तडजोड केली. रक्कम पंचवीस हजारांच्या कितीतरी पट होती. बोटे परत आली नाहीत, पण मुलीचे शिक्षण थांबले नाही.

आणखी एक गल्लत टाळली पाहिजे. ७ जून २०१७ रोजी बालाघाटजवळच्या खैरी गावात फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट झाला आणि वीसहून अधिक जीव गेले. अशा मोठ्या दुर्घटनेनंतर सरकार सानुग्रह मदत जाहीर करते. ती सरकारची मदत असते. मालकाचे देणे त्याने फिटत नाही. मदतीचा चेक मिळाला म्हणून दावा करायचा राहून गेला, असे होऊ देऊ नये.

वाटेतला अपघात आणि फुप्फुसातली धूळ

पहाटे मोटरसायकलवर कामाला निघालेला माणूस रस्त्यातच गेला, तर तो कामावरचा अपघात का? यावर न्यायालयांत वर्षानुवर्षे वाद झाले. मुंबईत १९५७ साली बेस्टचा एक चालक काम संपवून बेस्टच्याच दुसऱ्या बसने घरी जाताना अपघातात मरण पावला. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कामावरचाच अपघात मानला. धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीला जाताना वाटेत दगावला. खालच्या अधिकाऱ्याने भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भरपाई पुन्हा कायम केली. वेळ, ठिकाण आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध जुळत असेल तर घर ते काम हा प्रवासही कामात धरावा, असे न्यायालयाने म्हटले. नव्या संहितेत तर ही गोष्ट स्पष्टच लिहिली आहे. त्या रखवालदाराच्या घराला मात्र बावीस वर्षे वाट पाहावी लागली. वाहनाचा अपघात असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडेही जाता येते. पण दोन्हीकडे दावा करता येत नाही, एक वाट निवडावी लागते.

आमचा जिल्हा मँगनीजचा. भरवेली, उकवा, तिरोडी इथे, आणि सीमेपलीकडे भंडारा जिल्ह्यात चिखला, डोंगरी बुजुर्ग. कामावरची इजा म्हणजे फक्त तुटलेले हाड नव्हे, हे आपल्या भागाला विशेष कळायला हवे. मँगनीज आणि त्याच्या विषारी संयुगांमुळे होणारा आजार कायद्याच्या यादीत व्यावसायिक रोग म्हणून नोंदलेला आहे. तसे काम सलग सहा महिने केलेल्या कामगाराला तो जडला तर तो अपघातासारखाच मानला जातो. दगडाच्या धुळीने फुप्फुसे निकामी करणारा सिलिकोसिसही यादीत आहे. हातपाय थरथरणे, चाल बिघडणे, दम लागणे याला 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांना आपण काय काम करत होतो ते आवर्जून सांगावे आणि कागदावर लिहून घ्यावे.

घरच्यांनी काय करावे

अपघात झाला की पहिली गोष्ट म्हणजे दवाखान्यातल्या पहिल्या कागदावर खरे कारण लिहून घेणे. 'घरी पडला' असे लिहिण्यासाठी दबाव येतो, त्याला बळी पडू नये. मालकाला शक्य तितक्या लवकर लेखी कळवावे आणि त्याची प्रत ठेवावी. मोठी इजा किंवा मृत्यू असेल तर पोलिसांत नोंद करावी. मृत्यूनंतर शवविच्छेदनाचा अहवाल फार महत्त्वाचा असतो. मजुरीचा पुरावा म्हणून बँकेचे पासबुक, हजेरीच्या चिठ्ठ्या, मोबाईलवरचे संदेश आणि सोबत्यांची नावे जपून ठेवावीत. वयाचा दाखलाही लागतो, कारण गुणांक वयावर ठरतो.

दावा साधारणपणे दोन वर्षांच्या आत करायचा असतो. उशिराला योग्य कारण असेल तर तो दाखल करून घेता येतो, पण त्या भरवशावर बसू नये. ज्यांच्या पगारातून कर्मचारी राज्य विम्याचे पैसे कापले जातात, त्यांनी या कायद्याखाली नव्हे तर त्या विम्याच्या कार्यालयात दावा करायचा असतो. तिथे अपंगत्वासाठी वेतनाच्या ९० टक्के दराने आणि मृत्यूनंतर वारसांना दरमहा पैसे मिळतात.

आता सीमाभागातल्या वाचकांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर-भंडारा एका राज्यात गेले आणि बालाघाट दुसऱ्या राज्यात राहिला. पण कामाच्या वाटा तशाच राहिल्या. अपघात नागपूरला किंवा हैदराबादला झाला म्हणून प्रत्येक तारखेला तिकडे धावावे लागेल, या भीतीने अनेक घरे दावाच करत नाहीत. कायद्याने सांगितले आहे की अपघात जिथे झाला तिथे दावा करता येतो, तसाच कामगार किंवा त्याचे वारस जिथे राहतात तिथेही करता येतो. म्हणजे रामपायलीच्या विधवेला बालाघाटलाच अर्ज करता येतो. कोणत्या अधिकाऱ्याकडे जायचे ते जिल्ह्याच्या श्रम कार्यालयात कळते. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो.

आपल्या भाषेत सांगण्याचे बंधन

२०१७ साली या कायद्यात एक छोटीशी भर पडली आणि ती नव्या संहितेतही आहे. कामावर घेतानाच मालकाने कामगाराला त्याचा भरपाईचा हक्क लेखी सांगायचा आहे. तो इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत, कामगाराला समजेल अशा भाषेत सांगायचा आहे. म्हणजे गोंदियात मराठीत आणि बालाघाटात हिंदीत. आमच्याकडे घरात मराठी किंवा पोवारी बोलतात, कचेरीत हिंदी चालते आणि कामाच्या ठिकाणी तेलुगू कानावर पडते. अशा माणसाला असा कागद मिळायलाच हवा. तो मागण्याची सवय मात्र आपल्याला लागलेली नाही.

ती लावायची असेल तर सुरुवात गावातून करता येईल. माणसे बाहेर पडण्याआधीच्या ग्रामसभेत अर्धा तास हा विषय घ्यावा. बचत गटाच्या बैठकीत वरचा हिशेब एकदा फळ्यावर मांडून दाखवावा. शिकलेल्या मुलामुलींनी बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाचे नाव, कामाचे ठिकाण, मालकाचे आणि ठेकेदाराचे नाव एका वहीत लिहून ठेवावे. अपघात झाल्यावर सर्वांत आधी हीच माहिती हाती नसते. आणि कोणी पाकीट व स्टॅम्प पेपर घेऊन दारात आलाच, तर घरातल्या बाईने एवढेच म्हणावे, 'कागद ठेवून जा भाऊ. वाचून, विचारून मग सांगते.'